आपला माणूस होता तिथं जागा नव्हती : आयव्हन मॉगरचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. 1957 साली न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च गावातलं एक सतरा वर्षांचं पोरगं बायकोला घेऊन बोटीनं इंग्लंडला गेलं, कशासाठी तर मोटरसायकलवर स्पीडवे रेस मारायला. लंडनच्या विम्बल्डन क्लबात शिरकाव मिळाला, पण रेस कमी आणि ग्राउंडवरची हरकामं जास्त वाट्याला आली, आणि शेवटी गुपचूप परत मायदेशी. मग 1963 ला तोच माणूस परत इंग्लंडला गेला, आणि 1968 ते 1979 मधे सहा वेळा जगज्जेता झाला. नाव आयव्हन मॉगर. तर सवाल एवढाच की मधल्या पाच-सहा वर्षांत असं काय फिरलं?

आपल्याकडं याला एक रेडिमेड उत्तर असतंय, जिद्द. कुठल्याही सत्काराला जावा, माईक हातात आला की जिद्द आणि चिकाटी सुरू. मला ते पटत नाय. जिद्द पहिल्या वेळीपण होतीच की, नसती तर सतरा वर्षांचं पोरगं बायकोसकट अर्ध्या जगाचा प्रवास करून कशाला गेलं असतं.

हे प्रकरण आम्ही काढलं त्याला कारण एक पोरगं. आमचा सोलापुरात रविवारी सकाळी गॅरेजवाल्यांचा कट्टा भरतो, अशोक चौकाच्या अलीकडं, त्यात पार्टवाले, फिटर, एक-दोन रिटायर एसटीवाले, आणि असली गाड्याची येडी पोरं. या पोराचे वडील पॉवरलूमवर, घर विडी घरकुलकडं. गाडी खरंच चांगली चालवतं, गड्ड्याच्या यात्रेत मौत का कुवा लागला की हे पैसे देऊन आत जायचं आणि खेळ संपेपर्यंत वरून वाकून वाकून फक्त गाडीचं मागचं चाक बघत बसायचं. 2024 च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत जाणाऱ्या मोटरसायकलींची, पहिली रेस झाली, ती बघून आलं आणि त्याच्या डोक्यात ठरलं. पुण्याला ओळखीचा एक सोलापूरचाच मेकॅनिक रेसच्या गाड्या बनवणाऱ्या एका गॅरेजात होता, त्याच्याकडं जाऊन राहिलं. आणि तिथं काय केलं तर गाड्या धुतल्या, टायर उचलले, चहा आणला. परत आल्यावर म्हणतंय, काका गाडी विकायची आहे, कुणी गिऱ्हाईक असलं तर बघा. मी म्हटलं थांब बे, आधी एका माणसाची गोष्ट ऐक, मग वीक.

आता स्पीडवे म्हणजे काय ते सांगावंच लागतंय कारण आपल्याकडं हा प्रकार नाय. अंडाकृती ट्रॅक, साधारण तीन-चारशे मीटरचा, वर बारीक मुरमासारखा थर. चार गाड्या, चार राउंड, सगळं डावीकडं वळत. रेस मिनिटाभरात खलास. गाडी 500 सीसीची, एकच सिलिंडर, पेट्रोल नाय तर मिथेनॉल, गियर एकच, आणि ब्रेक नाय. अजिबात नाय, पुढं पण नाय आणि मागं पण नाय. आमच्या कट्ट्यावरच्या एका फिटरला हे पटायलाच दहा मिनिटं गेली, त्याचं आपलं एकच, मग थांबतात कसं? तर गाडी आडवी घालायची, मागचं चाक बाहेर सरकवायचं, डाव्या पायाच्या बुटाला खाली लोखंडी पत्रा बसवलेला असतो, तो पाय जमिनीवर घासत वळण काढायचं, आणि थ्रॉटल सोडायचाच नाय. वेग कमी-जास्त सगळा त्या घसरण्यातनंच. गियर एकच असल्यामुळं ट्रॅक बघून चेन स्पॉकेट बदलायचं, ओला ट्रॅक वेगळा, कोरडा वेगळा, म्हणजे निम्मी रेस पान्यानं होते.

सुरुवातीला पुढं फीत बांधलेली असते, ती वर उडाली की सुटायचं. पहिल्या वळणाला जो पुढं तो जवळजवळ जिंकला, कारण मागच्यांच्या तोंडावर सगळी माती उडते आणि ओव्हरटेकला जागा कमी. पहिल्याला 3 पॉइंट, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला भोपळा. त्या काळात वर्ल्ड फायनल एकाच रात्रीत व्हायची, 16 रायडर, 20 रेस, प्रत्येकाच्या वाट्याला पाच, आणि प्रत्येक जण बाकीच्या प्रत्येकाशी एकदा तरी भिडणार. फुल मार्क 15. एकदा क्लच चुकला की वर्ष गेलं. (1995 पासून ही पद्धत गेली, आता ग्रां प्री असते, वर्षभर पॉइंट जमवायचे.)

या प्रकरणातली खरी गोम पैशात आहे आणि ती कुणी सांगत नाय. स्पीडवे रायडरला महिन्याचा पगार नसायचा. रेसला उभं राहिलास तर स्टार्टचे पैसे, पॉइंट काढलास तर पॉइंटचे पैसे. गाडी स्वतःची, इंजिन स्वतःचं, टायर, तेल, दुरुस्ती सगळं खिशातनं. आपल्याकडं लूमवर मीटरच्या हिशेबानं मजुरी असते ना, सुताचं बीम नसलं की कामगार दिवसभर बसून असतो आणि हातात काय येत नाय, डिट्टो तसंच, फक्त इथं लूम पण कामगारानंच विकत घेतलेला. म्हणजे ज्याला रेस मिळत नाहीत त्याच्याकडं पैसे येत नाहीत, पैसे नाहीत म्हणून इंजिन जुनं राहतंय, इंजिन जुनं म्हणून स्टार्टला मागं पडतोय, मागं पडतोय म्हणून मॅनेजर रेस देत नाय. या चक्रात एकदा माणूस अडकला की त्याची जिगर काय कामाची? जिगरनं पिस्टन बदलत नाय.

आता 1957 ला हा पोरगा विम्बल्डनलाच का गेला. क्राइस्टचर्चच्या अरानुई ट्रॅकवर तो गाडी शिकला. त्याच ट्रॅकवरनं त्याच्याआधी दोघं पुढं गेले होते, रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज. मूर 1954 ला जगज्जेता झालेला, ब्रिग्ज त्याच 1957 ला झाला. दोघं कुठल्या क्लबात? विम्बल्डन. म्हणजे पोराच्या दृष्टीनं सरळ हिशेब, आपल्या गावची दोन माणसं तिथं आहेत, तीपण साधीसुधी नाय, टॉपची, मग आपणपण तिथंच जायचं. कुणीपण हेच केलं असतं. आपल्या इथनं पुण्याला जाणारं प्रत्येक पोरगं हेच करतंय, आधी बघतंय गाववाला कुठं आहे, मग त्याच्या रूमवर, मग त्याच्याच कंपनीत चिकटायचा प्रयत्न.

पण जरा उलट बाजूनं बघा. विम्बल्डन त्या वेळचा सगळ्यात दादा क्लब, 1954 ते 1956 लागोपाठ तीन वेळा लीग मारलेला. टीमला सात-आठ रायडर लागतात, आणि सगळ्यात वरच्या जागा कुणी अडवल्यात? तुझ्याच गाववाल्यांनी. ते दोघं तिथं आहेत हीच गोष्ट तुला जागा नसण्याचं कारण आहे! ते चांगले आहेत म्हणून तू तिथं गेलास, आणि ते चांगले आहेत म्हणून तुला बसून राहावं लागलं. मोठी मॅच संपली की मागनं नवीन पोरांच्या रेस व्हायच्या, त्यात काय मिळेल ते, बाकी दिवस ग्राउंडवर काम.

त्यात काळपण वाईट निघाला. महायुद्धानंतर इंग्लंडात स्पीडवेला तुफान गर्दी होती, पण पन्नाशीच्या दशकात करमणूक कर आणि टीव्ही दोन्हीनं मिळून वाट लावली, क्लब भराभर बंद पडले. आधी दोन-तीन डिव्हिजन होत्या, त्या घटत घटत 1957 ला एकच लीग उरली, टीम अकरा. अकरा गुणिले आठ धरा, अख्ख्या देशात शंभर पण जागा नाहीत, आणि त्यावर जगभरनं आलेले मुरलेले गडी. खालची पायरीच नाय. सतरा वर्षांच्या नवख्यानं शिकायचं कुठं, वर्ल्ड चॅम्पियनच्या शेजारी उभं राहून?

तर परत गेला. हे मी थोडक्यात सांगतो, पण ही वर्षं थोडक्यातली नव्हती. न्यूझीलंड, मग ऑस्ट्रेलिया. आणि तिथं त्याला जॅक यंगचा सहवास मिळाला, ॲडलेडचा माणूस, 1951 आणि 1952 चा जगज्जेता. आता हा यंग इथं का महत्त्वाचा, तर 1951 ला तो जगज्जेता झाला तेव्हा तो पहिल्या डिव्हिजनमधे नव्हताच. एडिनबरोकडनं सेकंड डिव्हिजन खेळत होता. खालच्या लीगमधला माणूस फायनलला लंडनच्या वेम्बलीला येऊन सगळ्या मोठ्यांना हाणून गेला, असं आधी कुणी केलं नव्हतं. मॉगरला यंगनं नेमकं काय काय शिकवलं त्यावर मी बोलत नाय, पण ज्या माणसाचं अख्खं आयुष्यच खालच्या दारानं आत शिरून झालंय त्याच्या बरोबर राहून एखादी गोष्ट न सांगताही कळत असणार असं मला वाटतं. हा माझा अंदाज, कट्ट्यावर सगळ्यांना पटला नाय.

मधल्या काळात इंग्लंडात एक गोष्ट झाली. 1960 ला माइक पार्कर, रेग फिअरमन वगैरे प्रमोटर लोकांनी मिळून प्रोव्हिन्शियल लीग काढली. बंद पडलेले ट्रॅक परत उघडले, कमी खर्चात टीम बसवल्या, नवीन आणि जुने कसेही रायडर गोळा केले. मोठी नॅशनल लीग 1963 पर्यंत सात टीमवर आलेली, आणि ही खालची डझनभर टीमची झालेली. आता जागा कुठं जास्त ते शाळेतलं पोरगंपण सांगेल.

1963 ला मॉगर परत आला तो विम्बल्डनला नाय, न्यूकॅसलला. वरती उत्तरेला, कोळशाचं आणि जहाजाचं गाव, पार्करची टीम, प्रोव्हिन्शियल लीग. लंडनचं नाव नाय, गावची ओळखीची माणसं नाहीत. पण तिथं तो पहिल्या दिवसापासून मेन रायडर होता, प्रत्येक मॅचला चार-पाच रेस पक्क्या, म्हणजे स्टार्टचे पैसे पक्के, पॉइंटचे पैसे पक्के, म्हणजे इंजिन पक्कं. तेच चक्र, फक्त आता उलट्या दिशेनं फिरायला लागलं. त्याच वर्षी प्रोव्हिन्शियल लीगची वैयक्तिक चॅम्पियनशिप त्यानं मारली, 1964 ला परत मारली, आणि न्यूकॅसलनं लीगपण जिंकली.

आणि मग मजा बघा. 1965 ला दोन्ही लीग एकत्र केल्या, अठरा टीमची ब्रिटिश लीग झाली. म्हणजे मॉगरला वर चढायला कुणाचं दार वाजवावं लागलं नाय, तो उभा होता ती पायरीच वर उचलली गेली. याला नशीब म्हणायचं का? म्हणा. पण नशीब आलं तेव्हा तो त्या पायरीवर होता, आणि विम्बल्डनच्या बाकावर बसला असता तर त्याला या एकत्रीकरणाचा उपयोग शून्य होता, उलट स्पर्धा वाढली असती.

पुढचं सगळं रेकॉर्डला आहे त्यामुळं पटापट. 1966 च्या वर्ल्ड फायनलला चौथा, 1967 ला तिसरा, 1968 ला गॉथेनबर्गला पंधरापैकी पंधरा घेऊन जगज्जेता. 1969 ला वेम्बली, 1970 ला पोलंडात व्रोत्सवाफला, तिथंपण पैकीच्या पैकी. लागोपाठ तीन वेळा असं आधी कुणी केलं नव्हतं. दोन अमेरिकन चाहत्यांनी शब्द दिलेला की तिसऱ्यांदा जिंकलास तर तुझ्या गाडीला सोन्याचा मुलामा देतो, आणि त्यांनी खरंच दिला. आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं लगेच विचारलं किती तोळं, तर ते मला सांगता आलं नाय. 1969 ला तो मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला गेला, तिथं 1970, 71, 72 सलग लीग. मग एक्झिटर, 1974 ला तिथंपण लीग. शेवटी हलचा क्लब. आणि 1970 ला स्वीडनमधे माल्मोला जोडीची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, जोडीदार कोण, तर रॉनी मूर! ज्याच्या क्लबात पहिल्यांदा जागा मिळाली नव्हती तोच. म्हणजे गाववाला उपयोगी पडला, पण तेरा वर्षांनी, आणि बरोबरीच्या नात्यानं.

गाडीवर थोडं बोलायचंच, नायतर कट्टा मला सोडणार नाय. 1957 ला सगळीकडं जॅपचं इंजिन, इंग्लंडचंच. साठच्या दशकात चेकोस्लोव्हाकियातनं एसो आलं, ते 1964 ला जावात विलीन झालं, आणि मोठमोठे रायडर तिकडं वळले, मॉगरपण. आपल्याकडं जावा म्हटलं की मैसूरची गाडी, दोन सायलेन्सर, मागनं फटफट, नंतर येझदी झाली आणि 1996 ला कारखाना बंद पडला. सोलापुरात अजून काही लोकं जिवापाड जपून आहेत. पण ती टू-स्ट्रोक, आणि स्पीडवेची जावा म्हणजे फोर-स्ट्रोक मिथेनॉलवाली, दोघींचा फक्त आडनावापुरता संबंध. मॉगरची ख्याती अशी होती की त्याची गाडी ट्रॅकवर येताना कधी अर्धवट तयार नसायची. स्वच्छ गाडी, स्वच्छ कपडे, सगळं आधी तपासलेलं. आणि स्टार्ट. त्याच्यापेक्षा जास्त धाडसी, वळणावर भिंतीला घासून जाणारे रायडर त्या काळात होते, बघायला ते जास्त भारी वाटायचे. मॉगर बऱ्याच वेळा फितीवरच रेस संपवायचा. लोकांना यात काय थ्रिल नाय असं वाटायचं, मला उलट यातच सगळं दिसतंय. ज्यानं एकदा रेस न मिळण्याचे दिवस बघितलेत तो पॉइंट जुगारावर लावत नाय.

आता ओले ऑल्सेनचं सांगतो, कारण यावर आमच्यात सगळ्यात जास्त भांडण झालं. मॉगर डेन्मार्कमधे पोरांना शिकवायला शिबिर घ्यायचा, तिथं त्याला हा ऑल्सेन सापडला. 1967 ला त्याला न्यूकॅसलला आणला, स्वतःच्या टीममधे. आणि 1971 ला याच ऑल्सेननं वर्ल्ड फायनलला मॉगरला दुसऱ्या नंबरवर ढकललं, म्हणजे सलग चौथं टायटल शिष्यानंच अडवलं. पुढं 1975 आणि 1978 ला पण ऑल्सेन. तीन टायटल. आमचे एक काका म्हणाले, हे काय शहाणपणाचं लक्षण नव्हे, आपली विद्या द्यावी पण शेवटचा डाव ठेवून द्यावी. मी म्हटलं काका, 1957 ला याला कुणी असं हाताला धरून टीममधे बसवलं असतं तर सहा वर्षं वाचली असती, त्यानं तेच दुसऱ्यासाठी केलं. काका म्हणाले, तेच तर, सहा वर्षं वाचली असती पण सहा टायटल झाली असती का? यावर माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं. अजूनपण नीट नाय.

हरण्याच्या बाजूला एक रात्र तर सांगितलीच पाहिजे, 1973, पोलंडातलं खोझूव, लाखाच्या वर पब्लिक असं म्हणतात. रात्र संपली तेव्हा मॉगर आणि पोलंडचाच येझी शचाकियेल, दोघं 13 पॉइंटवर. एका रेसवर निकाल. शचाकियेल पुढं सुटला, मॉगर त्याच्या मागच्या चाकाला लागून पडला. संपलं. पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला आणि तो परत कधी तिथपर्यंत पोचला नाय. बरोबर एक वर्ष आधी वेम्बलीला असाच टाय होऊन मॉगर स्वीडनच्या बर्न्ट पेर्सनला हरवून चौथं टायटल घेऊन गेलेला. हिशेब फिटला म्हणायचा.

त्यानंतर सगळे म्हणायला लागले की झालं आता. इंजिनं बदलली, 1975 च्या सुमाराला वेस्लेकचं चार व्हॉल्व्हवालं इंजिन आलं, 1976 ला पीटर कॉलिन्स त्याच्यावर जगज्जेता झाला, वयानं बराच लहान. मॉगर पस्तिशी ओलांडलेला. आणि 1977 ला गॉथेनबर्गला धो धो पावसात मॉगर परत जिंकला, कॉलिन्स मोडक्या पायानं उतरून एका पॉइंटनं दुसरा. मग 1979, परत तेच खोझूव जिथं पडला होता, वय 39, आणि सहावं टायटल. स्वीडनच्या ओव्हे फुंडिनचा पाचाचा रेकॉर्ड तुटला. सहाची बरोबरी पुढं टोनी रिकार्डसननं केली, तीपण 2005 ला. क्राइस्टचर्चचा हिशेब मी कट्ट्यावर खडूनं लिहून दाखवला, मूर दोन, ब्रिग्ज चार, मॉगर सहा. एका गावाची बारा वर्ल्ड टायटल, आणि तिघं एकाच ट्रॅकवर शिकलेले. त्यातल्या दोघांचा क्लब तिसऱ्याला लाभला नाय एवढाच मुद्दा.

निवृत्ती त्यानं घाईत घेतली नाय. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत गाडीवर होता. लाँग ट्रॅकची, म्हणजे याच खेळाच्या लांब आणि जास्त वेगाच्या भावाची, वर्ल्ड टायटलंपण तीन होती, 1971, 72 आणि 76 ची. ब्रिग्जबरोबर मिळून स्वतःच रायडरांचा ताफा घेऊन वेगवेगळ्या देशांत शो लावायचा, म्हणजे शेवटी तो रेस मिळायची वाट बघणारा राहिलाच नाय, रेस भरवणारा झाला. इंग्लंडच्या राणीकडनं किताब दोन वेळा. 2018 च्या एप्रिलमधे ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला गेला, 78 वर्षांचा होऊन. शेवटी शेवटी मेंदूच्या आजारानं बोलणं गेलं होतं.

तर आता आपल्या पोराकडं. मी त्याला विचारलं, पुण्यात त्या गॅरेजात रायडर किती होते? म्हणाला, तीन. गाड्या किती? तीन. मग तू तिथं चौथा कशावर बसणार होतास बे? तो गप्प. मग विचारलं, तुझा तो सोलापूरचा मेकॅनिक दोस्त, त्याच्या हातात कुणाला गाडीवर बसवायचं हे होतं का? नव्हतं. म्हणजे त्यानं फसवलं नाय, आणि पोरगंपण कमी पडलं नाय, तिथं खुर्चीच नव्हती. मॉगरचं पहिलं इंग्लंड आणि याचं पुणं, केस एकच.

फरक एका ठिकाणी मोठा आहे आणि तो लपवून चालणार नाय. मॉगरला 1963 ला खालची लीग तयार मिळाली, दर आठवड्याला रेस, पॉइंटला पैसे. आपल्याकडं अशी लीग कुठं आहे? इकडं तिकडं होणाऱ्या डर्ट रेस, ऑटोक्रॉस, कुठं कोल्हापूरला, कुठं नाशिकला, कुठं कर्नाटकात, एंट्री फी आपण भरायची, गाडी टेंपोत घालून न्यायची, आणि जिंकलास तर करंडक आणि भाड्याचे पैसे निघाले तरी खूप. म्हणजे उलटं फिरणारं चक्र आपल्याकडं आपोआप सुरू होत नाय, त्याला बाहेरनं धक्का लागतोय. म्हणून मी त्याला न्यूकॅसल शोध असलं काय सांगितलं नाय, ते सांगणं सोपं आहे. मी एवढंच म्हटलं की गाडी विकू नको, रेसची गाडी दुरुस्त करायला शीक आणि ज्या गावात रेस होते पण रेसचा मेकॅनिक नाय असं गाव बघ. रायडर म्हणून जागा नसली तरी मेकॅनिक म्हणून असेल, आणि मेकॅनिकला निदान मजुरी मिळते, त्या पैशातनं एंट्री फी निघते.

काकांचं मत वेगळं. ते म्हणाले, तुम्ही त्या विम्बल्डनच्या दिवसांना फुकट गेले म्हणताय, पण दोन जगज्जेत्यांच्या गाड्या रोज उघडताना जवळनं बघणं म्हणजे काय कमी आहे का? पुढं त्याची गाडी टकाटक असायची म्हणताय ती सवय कुठनं आली मग? याला पुण्यात टायर उचलताना काय दिसलं ते विचारा की आधी. आणि विचारलं तर पोरगं जे सुरू झालं, सस्पेन्शन कसं सेट करतात, कुठल्या मातीला टायरमधे किती हवा, एअर फिल्टर दर रेसला का बदलतात, पाऊण तास बोलत होतं. फिटरनं मधेच वही मागवून घेतली. गिऱ्हाईकाचा विषय त्या दिवशी निघाला नाय, पुढच्या रविवारी बार्शीकडच्या एका रेसची जाहिरात घेऊन आलं आणि म्हणालं, काका एंट्री तेराशे रुपये आहे, निम्मे तुम्ही घाला.